पाऊस यायच्या आधी: घरच्या नॅसवरचा डेटा सांभाळणं आणि गेलाच तर परत मिळवणं

तांबडी माती (फोंडा)
२४ मे, रात्री १०.१५

मंडळी,

दुपारनंतर ढग दाटून यायला लागलेत आणि संध्याकाळी घाटाच्या बाजूला विजा चमकताना दिसतात. दरवर्षी याच दिवसांत ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा राउटर, टीव्ही नाहीतर नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेला, डिस्क असलेला साठवणीचा डबा) जळतो. राउटर दुकानात नवा मिळतो. नॅसवर आजीचा आवाज असतो, मुलीच्या बारशाचे फोटो असतात, पोर्तुगीज अमदानीतल्या घरच्या कागदांचे स्कॅन असतात. ते कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. ओळखीच्यांचे नॅस मी लावून देतो आणि बिघडले की बघायलाही मलाच बोलावतात, म्हणून हा धागा पाऊस सुरू व्हायच्या आधीच काढतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट: रेड म्हणजे बॅकअप नव्हे. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, ती स्वस्तातल्या डिस्क एकत्र बांधून महागड्या मोठ्या डिस्कची बरोबरी करता यावी आणि त्यातली एखादी मेली तरी काम अडू नये यासाठी. म्हणजे रेड एकाच संकटाला उत्तर देतं: एक डिस्क मेली, काम चालू राहिलं. घरातल्या कोणी चुकून फोल्डर उडवलं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे होतात. वीज पडली तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच अडॅप्टरवर असतात. लोक दोन डिस्कचा नॅस घेतात, मिरर (दोन्ही डिस्कवर तेच लिहिणारं रेड) लावतात आणि मग लॅपटॉपवरची मूळ प्रत पुसून टाकतात. आता प्रती किती राहिल्या? एकच. मिररच्या दोन डिस्क मिळून एक प्रत धरायची.

बाहेरून येणारं संकट खोटं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीच्या नॅसवरच्या फाइली सेव्हन-झिपच्या पासवर्डबंद गाठोड्यांत कोंबल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितले. त्याच वर्षी जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलचे जुने माय बुक लाइव्ह नॅस जगभर लोकांच्या घरी आपोआप फॅक्टरी रिसेट झाले, आत होतं ते पुसलं गेलं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट हे आणखी एक रॅन्समवेअर आलं. तिन्ही वेळा फटका बसला तो इंटरनेटवरून थेट पोचता येत होतं त्या नॅसना. म्हणून राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, नॅसकडे जाणारे पोर्ट उघडे ठेवू नका. बाहेरून फोटो बघायचेच असतील तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारख्या व्हीपीएनमधून (कुलूपबंद खासगी वाटेने) आत या. 'अ‍ॅडमिन' नावाचं मूळ खातं बंद करून स्वतःचं वेगळं खातं करा, दुहेरी पडताळणी लावा. एका संध्याकाळचं काम आहे.

आता आपल्याकडचं. कोसळणारा पाऊस, जाणारी-येणारी लाइट आणि किनारपट्टीची खारट हवा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा कित्येक गावांत दिवसेंदिवस अंधार होता, आणि त्याच वर्षी जुलैत सत्तरी, डिचोलीकडे घरांत पुराचं पाणी शिरलं. नॅसला यूपीएस हवाच, आणि तो नुसता शेजारी ठेवून भागत नाही. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडून 'बॅटरी उतरली की नीट बंद हो' असं सेटिंग करायचं. ती केबल बहुतेक घरांत खोक्यातच पडलेली सापडते. गडगडाट सुरू झाला की लॅन केबलही काढा. फायबरच्या काचेतून करंट येत नाही, पण फायबरच्या डब्याच्या अडॅप्टरमधून येतो, आणि तिथून तांब्याच्या लॅन केबलने नॅसपर्यंत पोचतो.

बॅकअपसाठी ३-२-१ चा नियम पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने तो लोकांपर्यंत नेला. माझ्याकडे नॅस, एक बाहेरची यूएसबी डिस्क जी बॅकअप झाला की काढून कपाटात जाते, आणि तिसरी मडगावला बहिणीकडे. बहिणीकडचा छोटा नॅस माझ्याकडून प्रत ओढून घेतो. मी तिकडे ढकलत नाही. फरक मोठा आहे: माझ्या नॅसवर कोणी ताबा मिळवला तरी त्याच्याकडे मडगावच्या डब्याचा पासवर्डच नसतो.

आणि बॅकअप परत आणून बघा. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅबसारख्या सॉफ्टवेअर कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला, आणि बॅकअपचे अनेक मार्ग लावलेले असूनही ऐन वेळी बहुतेक कामी आले नाहीत. सुमारे सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. आपण घरी वर्षातून दोन वेळा एखादं जुनं फोल्डर बॅकअपमधून दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिलं तरी खूप.

डेटा गेलाच तर पहिल्या तासात काय करत नाही यावर सगळं ठरतं. नॅस बंद करा. 'रिपेअर', 'इनिशियलाइझ', 'नवीन व्हॉल्यूम' यांपैकी कशालाही हात लावू नका. डिस्क काढण्याआधी प्रत्येकीवर कप्प्याचा नंबर लिहा. विंडोजच्या लॅपटॉपला लावलीत तर तो 'फॉरमॅट करू का' विचारेल, कारण नॅसची लिनक्सची मांडणी त्याला वाचता येत नाही. तिथे 'नाही'. बाकी प्रतिसादांत बोलू.

----

मांडवीतीर (पणजी)
२४ मे, रात्री ११.०२

वाचनखूण साठवली. मी लग्नाचे फोटो काढतो, चार डिस्कचा नॅस आहे, रेड ५ (एक डिस्क मेली तरी चालणारं). दोन प्रश्न.

एक, चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या आहेत. एक गेली की बाकीच्याही रांगेत असतात असं ऐकलंय.

दोन, स्नॅपशॉट (फाइलींची त्या क्षणीची स्थिती नॅसवरच जपणं) चालू आहेत, रोज रात्री. मग रॅन्समवेअरची भीती उरते का? माझ्याकडच्या फोटोंवर माझा हक्क कमी आणि त्या घरांचा जास्त आहे. लोक पाच-सहा वर्षांनी फोन करतात, 'आमचे बाबा गेले, त्या लग्नातला त्यांचा फोटो आहे का?' त्यांना नाही म्हणायची वेळ मला येऊ द्यायची नाही.

----

तांबडी माती
२५ मे, सकाळी ७.४०

मांडवीतीर, पहिल्याचं उत्तर: एक डिस्क मेली की नवी लावून रिबिल्ड करताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून (साठवणीच्या छोट्या तुकड्यापासून) शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. कित्येक तास, कधी दिवसाहून जास्त. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेल्या फोटोखालचा खराब सेक्टर नेमका तेव्हा समोर येतो. म्हणून महिन्यातून एकदा 'डेटा स्क्रबिंग' (सगळा डेटा वाचून तपासणं) लावा, म्हणजे तो सेक्टर आधीच सापडेल, बाकीच्या डिस्क धडधाकट असताना. आणि डिस्क एसएमआर जातीच्या नाहीत ना, तेही पाहा. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे रिबिल्डच्या सलग लिखाणात त्या फार मंदावतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या तेव्हा यावर बराच गदारोळ झाला होता. नॅससाठी सीएमआर (ट्रॅक एकावर एक न चढवणारी) असं स्पष्ट लिहिलेलीच घ्या.

स्नॅपशॉटचं: बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल-मांडणींवरचा स्नॅपशॉट फार उपयोगी. लॅपटॉपवरून शेअर्ड फोल्डरमधल्या फाइली बिघडवल्या गेल्या तर कालची स्थिती काही मिनिटांत परत येते. पण हल्लेखोर नॅसचा अ‍ॅडमिन म्हणूनच आत आला तर तो स्नॅपशॉटही पुसतो. ठरलेल्या मुदतीपर्यंत अ‍ॅडमिनलाही पुसता न येणारे स्नॅपशॉट आता काही नॅसवर मिळतात, असतील तर चालू करा. तरी डब्याबाहेरची प्रत हवीच. तुमच्याकडे तर दुसऱ्यांच्या घरचे ऐवज आहेत.

----

बारदेशी (म्हापसा)
२५ मे, सकाळी ९.१८

धागा चांगला आहे, पण रेड ५ बद्दल भीती थोडी वाढवून सांगितली जाते असं मला वाटतं. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात '१० चा १४ वा घात इतक्या बिटमागे एक न वाचता येणारी चूक' असं असतं. म्हणजे साधारण १२.५ टीबी. त्यावरून लोक हिशोब मांडतात की १२ टीबी वाचलं की एक चूक येणारच. तो आकडा कंपनीने दिलेली वरची मर्यादा आहे, सरासरी नव्हे. मी याहून कितीतरी जास्त डेटा स्क्रबमध्ये वाचला आहे आणि चूक आलेली नाही. नॅसच्या काही डिस्कना तर १० चा १५ वा घात लिहिलेला असतो.

माझं मत: चार डिस्कच्या घरगुती नॅसला रेड ५ चालतं, उरलेल्या पैशात बाहेरची बॅकअप डिस्क घ्या. रेड ६ (दोन डिस्क मेल्या तरी चालणारं) करून बॅकअप न घेणाऱ्यापेक्षा हा माणूस जास्त सुरक्षित आहे.

दुसरं, क्लाउडचा उल्लेखच नाही?

----

तांबडी माती
२५ मे, दुपारी १.०५

बारदेशी, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. १२.५ टीबीचा मुद्दाही मान्य.

क्लाउड मुद्दाम मागे ठेवला. ४ टीबी डेटा ५० एमबीपीएस अपलोडने पाठवायला लाइन एक क्षणही न तुटता सात दिवसांहून जास्त लागतात, आणि पावसाळ्यात ती तुटतेच. परत आणायलाही तसाच वेळ. ज्याला पर्याय नाही तेवढं, म्हणजे फोटो आणि कागदपत्रं, क्लाउडवर घरूनच कूटबद्ध करून पाठवा. डाउनलोड केलेले सिनेमे नकोत. आणि क्लाउड म्हणजेही कोणाची तरी इमारतच. २०२१ च्या मार्चमध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, ज्यांची एकमेव प्रत तिथे होती त्यांचं सगळं गेलं.

कूटबद्ध केलंत तर किल्ली कागदावर लिहून घरच्यांना कुठे आहे ते सांगा. माणूस अचानक गेला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, असं घर मी पाहिलंय. डिस्क ठणठणीत होती, आत सगळं होतं, आणि त्या वहिनींना देता येण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

----

रानभूल (वाळपई)
२६ मे, रात्री ९.३०

मी तांत्रिक नाही, पण घरातला नॅस मीच बघते. पावसाळ्यात आमच्याकडे भिंती पाझरतात, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते. कपाटात ठेवलेल्या बॅकअप डिस्कचं काय? आणि नॅस जमिनीपासून किती वर ठेवावा? २०२१ मध्ये आमच्या शेजाऱ्यांकडे पाणी पलंगाच्या वर चढलं होतं.

----

सोल्डरगन (मडगाव)
२६ मे, रात्री १०.४४

रानभूलताई, डिस्क दुरुस्तीचं काम करतो म्हणून उत्तर देतो.

चालू नॅस स्वतःच्या उबेने कोरडा राहतो, त्याची काळजी कमी. कपाटातल्या डिस्कची जास्त. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या मोठ्या पुड्यांसह ठेवा. पुड्यांचे दाणे रंग बदलले की तापवून कोरडे करा. दोन-तीन महिन्यांनी डिस्क काढून लावा, बॅकअप ताजा करा. एसी खोलीतून दमट खोलीत आणलेली डिस्क लगेच चालू करू नका, आत-बाहेर दव धरतं. थोडा वेळ तशीच राहू द्या.

किनाऱ्याजवळच्या घरांतून येणाऱ्या डिस्कमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. खालची हिरवी, सर्किटची पाटी उघडली की तिच्या आतल्या बाजूचे, हेडला (डेटा वाचणाऱ्या टोकाला) जोडणारे ठिपके काळे पडलेले असतात. खारी हवा. डिस्क कधी ओळखली जाते, कधी नाही. ते ठिपके पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसले की कित्येक डिस्क परत बोलतात. पण हे काम पाटीचं आहे. डिस्कचं वरचं झाकण मात्र घरी कोणीही उघडायचं नाही. हेड प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगतो, धुळीचा कण त्याच्यापुढे डोंगर आहे. मोठ्या डिस्कमध्ये तर हवेऐवजी हीलियम भरलेला असतो.

उंचीचं म्हणाल तर माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाळ्यात तापेल. पुराची रेघ भिंतीवर असेलच, तिच्या वर फळी मारा. आणि एक प्रत पूर न येणाऱ्या गावात.

----

काणकोणचो वारो (काणकोण)
८ जून, सकाळी ६.५०

धागा वर काढतोय, घाईत आहे, मदत हवी.

आमच्या नाट्यमंडळाचा दोन डिस्कचा नॅस आहे, प्रत्येकी ४ टीबी, मिरर. मंडळाच्या खोलीत असतो. परवा रात्री जवळच वीज पडली, लाइट गेली. काल जाऊन पाहिलं तर नॅस चालूच होईना. एकेक डिस्क काढून पाहिली. दुसऱ्या कप्प्यातली काढली की चालू होतो, लावली की पुन्हा मढं. म्हणून फक्त पहिल्या कप्प्यातल्या डिस्कवर चालू केला. 'डिग्रेडेड' असं दाखवतो, पण उघडतो.

खरी भीती पुढे. फाइली दिसतात त्या फेब्रुवारीपर्यंतच्याच. जत्रेतली नाटकं आहेत. मार्चमधलं शिगम्याचं काही नाही. एप्रिल-मेमध्ये आम्ही मंडळाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी उतरवून घेतल्या होत्या, त्यातलं एकही फोल्डर नाही. त्या कॅसेटींना बुरशी होती, कशाबशा एकदा चालल्या, परत चालतील असं वाटत नाही. त्यात आता हयात नसलेली माणसं आहेत. मिरर असताना निम्मं जाईल कसं? इथला एक दुकानदार म्हणतो नवी डिस्क घाल, रिपेअर दाब, सगळं येईल. डिस्क आणून ठेवलीय.

----

तांबडी माती
८ जून, सकाळी ७.०४

रिपेअर दाबू नका. नॅस आत्ता बंद करा, पहिली डिस्कही काढा. दोन्ही डिस्क एकत्र त्या नॅसमध्ये पुन्हा घालू नका. नंबर लिहा. मग पुढचं वाचा.

----

तांबडी माती
८ जून, सकाळी ७.३१

काय झालं असावं ते सांगतो. पहिली डिस्क फेब्रुवारीतच मिररमधून बाहेर पडलेली दिसते. एखादी चूक आली, नॅसने तिला बाजूला काढलं, आणि तेव्हापासून सगळं फक्त दुसऱ्या डिस्कवर लिहिलं जात होतं. वीज आली ती नेमकी त्या दुसऱ्या डिस्कवर. आता दुसरी नाही म्हटल्यावर नॅसने पहिलीला विचारलं. तिला बाहेर काढल्याचं तिच्यावर कुठेच लिहिलेलं नाही, ती फेब्रुवारीत गोठलेली आहे. म्हणून ती म्हणते मी मिररचा चांगला भाग आहे, आणि नॅस तिचं ऐकतो.

म्हणजे निम्मं गेलेलं नाही. पहिल्या डिस्कवर फेब्रुवारी आहे आणि दुसरीवर जून.

दुकानदाराचं ऐकून नवी डिस्क घालून रिपेअर केलं असतं तर फेब्रुवारीचीच आणखी एक प्रत झाली असती. आणि पुढे कोणी दुसरी डिस्क दुरुस्त करून शेजारी लावली असती, तर नॅसने कुठली ताजी हे चुकीचं ठरवून जून पुसून त्यावर फेब्रुवारी लिहिण्याचा धोका होता. कारण कालपासून पहिली डिस्कही चालू आहे आणि तिच्यावरही नोंदी पडल्या आहेत.

अलर्ट कुठे जात होते?

----

काणकोणचो वारो
८ जून, सकाळी ७.५५

बंद केला. दोन्ही काढल्या, नंबर घातले. अलर्टचा मेल मंडळाच्या जुन्या पत्त्यावर होता, तो कोणी उघडत नाही. आता उघडून पाहिला. फेब्रुवारीतला मेल आहे: पहिली डिस्क बाहेर काढली.

दुसरी डिस्क मग पूर्ण मेली का? वास वगैरे नाही.

----

सोल्डरगन
८ जून, सकाळी ८.२०

भाऊ, 'लावली की सगळा नॅस बंद, काढली की चालू' हे लक्षण वाचून मला उलट धीर आलाय. डिस्कच्या पाटीवर १२ व्होल्ट आणि ५ व्होल्टच्या वाटेवर टीव्हीएस नावाचा एकेक डायोड असतो. व्होल्टेज अंगावर आलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागच्या सर्किटला वाचवतो. तो शॉर्ट झाला की अडॅप्टरला वाटतं वायरच एकमेकींना चिकटल्यात, म्हणून तो स्वतःला बंद करतो. डिस्क मेल्यासारखी दिसते, पण आतली प्लेट, हेड, मोटर बहुतेक जशीच्या तशी असतात.

इंटरनेटवर बघून तशीच दुसरी पाटी मागवून लावू नका. हल्लीच्या प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं त्या पाटीवरच्या छोट्या चिपमध्ये असतात. दुसरीची पाटी लावली तर हेडला आपली जागा सापडत नाही. डायोडने भागलं नाही तर ती चिप उतरवून नव्या पाटीवर चढवावी लागते, तेही होतं.

फ्रीजरमध्ये ठेवणं, हातावर आपटणं, कोणी काहीही सुचवलं तरी करू नका. दोन्ही डिस्क टॉवेलात गुंडाळून मडगावला घेऊन या. इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) घ्यायला ८ टीबीची रिकामी डिस्क हवी.

----

मांडवीतीर
८ जून, सकाळी ८.४१

८ टीबीची नवी डिस्क माझ्याकडे पडून आहे, पणजीहून आज दुपारी कामाला मडगावला येतोय. सोल्डरगन, तुमच्या दुकानात ठेवतो. काणकोणचो वारो, काम होईपर्यंत वापरा, परत द्यायची घाई नाही.

----

काणकोणचो वारो
८ जून, सकाळी ८.५०

देव बरें करूं. निघतोय.

----

सोल्डरगन
१० जून, रात्री ११.२६

सविस्तर लिहितो, पुढे कोणाला उपयोग होईल.

दुसऱ्या डिस्कची पाटी काढली. मीटर लावला: १२ व्होल्टचा टीव्हीएस डायोड पूर्ण शॉर्ट, ५ व्होल्टचा ठीक. शॉर्ट झालेला उतरवला. त्याच्याशिवाय डिस्क चालते, फक्त आता तिला संरक्षण नाही, म्हणून यूपीएसवर, खात्रीच्या पॉवर सप्लायवर लावली. डिस्क फिरली. आवाज स्वच्छ, टिकटिक नाही. टिकटिक असती तर तिथेच थांबून क्लीन रूम असलेल्या लॅबचा रस्ता दाखवला असता.

स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, नोंदी पाहिल्या. १९७ नंबरला, म्हणजे 'पेंडिंग सेक्टर'ला (वाचायला अडणाऱ्या जागांना), थोडे आकडे होते. अशा डिस्कवरून थेट फाइली कॉपी करायच्या नसतात. कॉपी करताना खराब जागी ती अडून बसते, पुन्हा पुन्हा डोकं आपटते आणि उरलेलं आयुष्य तिथेच संपवते. जीएनयू डीडीरेस्क्यू लावला. तो आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतो, अडेल तिथून पुढे उडी मारतो आणि कुठे काय राहिलं ते एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो. मग राहिलेल्या तुकड्यांकडे वळतो. मध्येच लाइट गेली तरी मॅप फाइलमुळे जिथे थांबला तिथूनच पुढे. आमच्याकडे लाइट गेलीच. शेवटी काही मोजके सेक्टर सोडून सगळं आलं.

मग मूळ डिस्क बाजूला ठेवून फक्त इमेजवर काम. लिनक्सवर एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या साधनाच्या 'एक्झॅमिन'ने दोन्ही डिस्कवरच्या रेडच्या नोंदी वाचल्या. त्यात 'अपडेट टाइम' आणि 'इव्हेंट्स' असे दोन आकडे असतात. दुसऱ्या डिस्कवर वीज पडली ती रात्र. पहिलीवर त्यानंतरची तारीख, कारण ती नंतर एकटी चालवली गेली. म्हणजे नुसती तारीख पाहून कोणी ठरवलं असतं तर फेब्रुवारीवालीच ताजी वाटली असती. माती भाऊंनी दोन्ही एकत्र लावू नका म्हणून सांगितलं ते किती महत्त्वाचं होतं, हे इथे समोर दिसलं.

इमेज वाचण्यापुरती जोडली, लिहायला बंद. व्हॉल्यूम उघडला. शिगमा आहे. कॅसेटींची सगळी फोल्डरं आहेत.

एमडीएडीएमबद्दल एकच सूचना. नेटवर ठिकठिकाणी 'क्रिएट' वापरून अ‍ॅरे पुन्हा बांधा असा सल्ला दिसतो. डिस्कचा क्रम किंवा मांडणीचा एखादा आकडा चुकला की होतं तेही विस्कटतं. 'असेंबल', तेही फक्त वाचण्यापुरतं, आणि तेही इमेजवर.

----

काणकोणचो वारो
११ जून, सकाळी ६.१५

काल रात्री मडगावहून परतलो आणि खोलीत सगळ्यांना बोलावलं. एका कॅसेटच्या फाइलमध्ये मध्येच चित्र फाटतं, आवाज तुटतो, मग पुन्हा सुरळीत होतं. बाकी सगळ्या चालतात. आमच्या पेटीवाल्या काकांच्या नातवाने आजोबांना वाजवताना पहिल्यांदाच पाहिलं. जन्मला तेव्हा ते नव्हते.

मंडळाने लगेच ठरवलंय: एक प्रत सोल्डरगनभाऊंकडून आणलेली, एक माझ्या घरी, एक मंडळाच्या सचिवांच्या पुण्यातल्या मुलीकडे. अलर्टचा मेल आता तिघांच्या फोनवर येतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणी तरी खोली उघडून दिवे बघायचे, हे वहीत घातलंय.

पहिल्या डिस्कचं काय करू? पुन्हा वापरता येईल का? आणि यूपीएस कुठला घेऊ?

----

बारदेशी
११ जून, सकाळी ८.०२

फार बरं वाटलं वाचून.

पहिल्या डिस्कच्या स्मार्टमध्ये १९९ नंबर बघा, सीआरसी एरर (जोडणीतून डेटा जाताना झालेल्या चुका). तोच वाढलेला असेल आणि ५, १९७, १९८ (खराब सेक्टरचे आकडे) शून्य असतील, तर डिस्क चांगली आहे, दोष कप्प्याच्या जोडणीत असतो. तसं असेल तर संपर्क साफ करून, पूर्ण चाचणी घेऊन, तिसऱ्या-चौथ्या प्रतीसाठी वापरता येईल. ५ किंवा १९७ वाढलेले असतील तर मोडीत.

----

तांबडी माती
११ जून, सकाळी ८.३०

बारदेशींनी बरोबर सांगितलं. फक्त नव्या इमेजवरून सगळ्या प्रती होऊन तपासल्या जाईपर्यंत पहिली आणि दुसरी, दोन्ही जुन्या डिस्क पुसू नका.

यूपीएस: दोन डिस्कचा नॅस आणि राउटर मिळून वीज फार खात नाहीत, ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो. बॅटरी किती वेळ टिकते यापेक्षा मागे यूएसबीचं डेटा पोर्ट आहे का आणि तुमच्या नॅसच्या यादीत ते मॉडेल आहे का, हे पाहा. दुकानात जाण्याआधी नॅसचं मॉडेल इथे टाका, यादी बघून सांगतो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, त्याची तारीख डब्यावर चिकटवून ठेवा.

----

रानभूल
११ जून, रात्री ९.१२

आमच्या घरी फळी मारून झाली, पुराच्या रेघेच्या वर. सिलिका जेल म्हापशाला मिळालं. सोल्डरगनभाऊ, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तापवायचे ना? ओव्हन नाही, जाड तव्यावर मंद आचेवर चालेल का?

----

सोल्डरगन
११ जून, रात्री ९.४०

हो ताई, गुलाबी म्हणजे भिजले. तवा चालेल, आच अगदी मंद, खिडकी उघडी, आणि तो तवा परत स्वयंपाकाला नको, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. नारिंगी दाणे मिळाले तर पुढच्या वेळी ते घ्या, त्यात कोबाल्ट नसतं. पुड्या कागदाच्या असतील तर दाणे बाहेर काढून तापवा आणि थंड झाल्यावर सुती पिशवीत भरा.